नमुना कुठून घेतला

तेलगावात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट वाचून सांगणं हा माझा फुकटचा धंदा आहे. शेतकरी कागद घेऊन येतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "आप्पा, बघा बरं काय म्हणतंय ह्ये." मी चष्मा लावतो, नत्र, स्फुरद, पालाश बघतो आणि बोलायला लागतो. मला बोलायला आवडतं. समोरचा चुकलेला असला की जरा जास्तच आवडतं. बायको म्हणते, तुमी खत कमी इकता आन् लोकाला झापता जास्त. ते खरं आहे. कागदावरचे आकडे वाचण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. पुढे माझ्या स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टांत मी जी चूक केली, ती माझ्या अंगापुरती राहिली असती तर चारचौघांत हसून सांगितली असती. ती माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या अंगापर्यंत गेली, म्हणून लिहायला बसलोय.

तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरला माझं ऑपरेशन झालं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण डोळ्यांच्या नसेवर दाबत होती. मला समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंचं दिसेना झालं होतं. दुकानात फिरताना खांदा रॅकला धडकायचा आणि मी रॅकलाच शिव्या द्यायचो. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली, नजर परत आली. पण त्या ग्रंथीचं एक काम कायमचं बंद पडलं. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन तयार करा, असा हुकूम तिथून सुटतो. तो सुटेना झाला.

सुरुवातीला मला वाटलं, ऑपरेशनचा थकवा आहे, जाईल. गेला नाही. दाढी आठवडाभर नाही केली तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान पडायची. खताची गोणी उचलायला गेलो तर हातात जोरच नाही. नवरा-बायकोतलं जे असतं तेही थांबलं होतं. त्यावर दोघांनीही बोलायचं टाळलं आणि मग टाळायची सवय लागली. बायकोने मला डॉक्टरकडे ओढून नेलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. एक गिऱ्हाईक मुदत संपलेलं कीटकनाशक फवारून आलं आणि मी त्याला एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमी भांडत न्हाई आता कुणालाच. मला भ्या वाटायलंय."

बीडला हार्मोनचे डॉक्टर आहेत. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला थोडके. त्यांनी सकाळी आठच्या सुमाराला उपाशीपोटी रक्त घ्यायला लावलं, आठ दिवसांनी परत एकदा घ्यायला लावलं. दोन्ही वेळा आकडा शंभराच्या आत. कागदावर मर्यादा छापलेली होती, साधारण तीनशे ते हजार. मी विचारलं, दोनदा कशाला? ते म्हणाले, "हा हार्मोन दिवसभर वर-खाली होतो. सकाळी जास्त असतो, संध्याकाळी कमी. ताप आला, झोप झाली नाही, तरी खाली येतो. एका कागदावर मी कुणाला जन्मभराचं औषध देत नाही." हा माणूस मला तिथेच आवडला.

पहिलं वर्ष सुईचं गेलं. दर तीन आठवड्यांनी कमरेखाली एक सुई. पहिल्या आठवड्यात मी एकट्याने रॅक सरकवायचो, तिसऱ्या आठवड्यात त्याच रॅकला टेकून बसायचो. पहिला रिपोर्ट घेऊन मी मोठ्या रुबाबात गेलो, कारण आकडा अकराशेच्या वर होता. डॉक्टरांनी विचारलं, "सुई कधी घेतली होती?"

"चार दिस झालते."

"मग हा आकडा माझ्या कामाचा नाही. सुईनंतर चार दिवसांनी तो वरच असणार. पुढची सुई ज्या दिवशी घ्यायची, त्या सकाळी सुईच्या आधी रक्त द्या. खाली किती जातो ते मला बघायचंय."

हे मला लगेच पटलं. युरिया टाकल्यावर चार दिवसांनी कुणाचंही पीक हिरवंगार दिसतं, त्यावरून रानाची ताकद कळत नाही. पुढच्या वेळी बरोबर दिवशी रक्त दिलं, आकडा दोनशे साठ. डॉक्टरांनी अंतर कमी केलं. अशी जुळवाजुळव करता करता दुसराच आकडा बिघडला. हिमॅटोक्रिट म्हणून एक असतो, रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते सांगणारा. माझा छप्पन झाला. तोंड लालबुंद दिसायला लागलं, डोकं जड. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली आप्पा. डॉक्टर म्हणाले, रक्त दाट झालंय, गाठ होऊन कुठंतरी अडकेल. त्यांनी सुई बंद केली आणि जेल दिलं. अंगाला चोळायचं, रोज सकाळी, दोन पाकिटं. चढ-उतार कमी होतात आणि रक्त दाट व्हायचा धोका कमी असतो, असं त्यांचं म्हणणं.

पाकीट फोडायचं, दोन्ही खांद्यांवर चोळायचं, वाळू द्यायचं, साबणाने हात धुवायचे आणि लावलेली जागा कपड्याखाली झाकायची. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. डब्यातल्या कागदावरही होतं. मी दोन्ही वेळा मान हलवली होती.

आता इथे आमच्या घरची रीत सांगावी लागेल. आम्ही लिंगायत वाणी. सकाळी अंघोळ झाली की आधी इष्टलिंगाची पूजा, मग चहा, मग जग. पूजेच्या आधी विभूती लावायची. तळहातावर पाण्याचे दोन थेंब घेऊन विभूतीची वडी घासायची आणि तीन बोटांनी पट्टे ओढायचे: कपाळावर, गळ्यावर, छातीवर, दंडावर, कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटावर. अंघोळ झाल्यापासून पूजा उठेपर्यंत न्हाणीत परत पाय ठेवायचा नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. मग जेलचे हात धुवायचे कुठे? पूजा उरकून मग जेल लावावं, तर पूजा उठायच्या आधीच दारात कुणीतरी उभं, आप्पा, दुकान उघडा, गाडी लागलीय. मी माझ्या डोक्याने तोड काढली. आधी जेल चोळायचं आणि त्याच हाताने लगेच विभूती घासायची. विभूती म्हणजे शेवटी राखच. माझ्या आईने जन्मभर राखेने हात धुतले, राखेने भांडी घासली. राखेने हात साफ होतो ही गोष्ट मला इतकी पक्की ठाऊक होती, की कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

पूजेला मी उघड्या अंगाने बसतो. लेक त्याच वेळेला उठते. पाठीमागून येऊन गळ्यात पडते, खांद्यावर गाल घासते, मग समोर येऊन कपाळ पुढे करते. मी तीन बोटं ओढायचो. मग ती दोन्ही हात पुढे करायची, मग गळा. तिला जितके जास्त पट्टे, तितके कमीच. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर आहे ती. दिवसातला तेवढाच वेळ मी कुणावर ओरडत नाही.

जेल सुरू करून दोन महिने झाल्यावर पहिलं रक्त दिलं. लावल्यानंतर तीन-चार तासांनी द्यायला सांगितलं होतं, म्हणून सहाला पूजा करून बीडला निघालो आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचलो. तिथली रक्त घेणारी ताई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पण मला काका म्हणते. तिने नेहमीसारखं कोपरात बोटाने शीर चाचपली. पट्ट्यांवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि म्हणाली, "काका, तुमची शीर लई भारी हाय, लगेच घावती." रिपोर्ट आला, चौदाशे ऐंशी. पुढे मोठा एच छापलेला, म्हणजे मर्यादेच्या वर.

डॉक्टरांनी दोन पाकिटांचं एक केलं. मला कळेना. चौदाशे ऐंशी असलेल्या माणसाने खरं तर बैल उचलायला पाहिजे होता आणि मला दुपारी डुलक्या येत होत्या. एक पाकीट झाल्यावर तर आणखीच मरगळ आली. तरी सहा आठवड्यांनी रक्त दिलं तर सोळाशे वीस.

डॉक्टरांनी मागचा रिपोर्ट काढून या कागदाशेजारी ठेवला. मग त्यांनी विचारलं, "जिमला जाता का?"

"मी? ह्या वयात?"

"बाहेरून काही घेता? कुणी सुई वगैरे देतं का? मोकळेपणाने सांगा."

माझा पारा चढला. "डॉक्टरसाहेब, मी खताचा दुकानदार हाय. दुप्पट डोस टाकला की पीक जळतं, ह्ये मी रोज शंभर जणाला सांगतो. मी सोताच्या अंगात चोरून टाकीन का?"

ते रागावले नाहीत. कागद माझ्याकडे फिरवून त्यांनी दोन आकड्यांवर पेन ठेवलं. टेस्टोस्टेरॉन सोळाशे वीस, हिमॅटोक्रिट चव्वेचाळीस. म्हणाले, "हे दोन एकत्र जुळत नाहीत. इतका हार्मोन महिनोनमहिने खरंच फिरत असता, तर रक्त परत दाट व्हायला पाहिजे होतं. ते उतरलंय. आणि तुम्ही म्हणता अंगात त्राण नाही. काहीतरी चुकतंय, मला सापडेना. तोवर जेल बंद ठेवा, पंधरा दिवसांनी बघू."

मी त्यांच्यावर चिडून घरी आलो. बंद म्हणजे परत ते खुर्चीत मान टाकून बसणं. बायकोला म्हटलं, त्याला वाटतंय मी खोटं बोलतो. ती म्हणाली, "त्याला न्हाई वाटत तसं. तुमालाच वाटतंय." तिचं असं असतं.

जेल बंद करून चार दिवस झाले असतील. माझा शाळेपासूनचा मित्र मातीचा रिपोर्ट घेऊन दुकानात आला. आम्ही दोघं एकमेकांना आजही बे केल्याशिवाय बोलत नाही. कागद टाकून तो म्हणाला, "औंदा खत न्हाई घेत बे तुझ्याकडून. कागदच म्हणतोय, काई टाकायची गरज न्हाई."

मी बघितलं. स्फुरद एवढा की त्या रानात ऊस ढगाला टेकला असता. त्याच रानातली पराटी, म्हणजे कपाशी, मी महिन्यापूर्वी बघितली होती, गुडघ्याएवढी सुद्धा नव्हती.

"नमुना कुठून घेतला बे?"

"आखाड्यापाशी. तितंच जरा वली होती माती, टिकाव चालला."

"आखाड्यापाशी? वावरातल्या त्या खोपटात तू खताच्या गोण्या ठिवतो ना?"

"आता न्हाईत. मागं एक फुटलती तितं."

मग मी त्याला फैलावर घेतलं. अरे, खत सांडलेल्या जागची माती उचलली तर रिपोर्ट रानाचा येईल का खताचा? वावर उपाशी आन् कागद म्हणतोय पोट भरलंय! तू रान तपासलंच न्हाई बे, गोणी तपासली! दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसायला लागली. मित्र म्हणाला, "वरडतो कावून एवढा, परत आणतो ना." मी अजून बोलणार होतो, पण कागद धरलेल्या माझ्याच हाताकडे नजर गेली. कोपराच्या आतल्या बाजूला विभूतीचे तीन पट्टे होते, सकाळचे. आणि बरोबर त्यांच्यावरून ताईने दोन्ही वेळा सुई घातली होती.

मी मित्राला चहा पाजला. त्याला काही कळलं नाही, पण चहा त्याने पिला.

डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "जेलच्याच हाताने? हात न धुता? आणि कोपरावर?" मी हो म्हणालो. त्यांनी एक पाकीट परत सुरू करायला सांगितलं, पण या वेळी हात साबणाने धुवायचे, दंडापासून खाली विभूती लावायची नाही, आणि रक्त द्यायच्या आधी कोपर दोनदा साबणाने घासायचं. मी पूजेच्या खोलीत बादली आणि साबण ठेवून घेतला. न्हाणीत पाय न ठेवता हात धुता येतात, हे इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, दोनशे बारा.

मी विजयी मुद्रेने डॉक्टरांसमोर बसलो. त्यांना आखाड्याची गोष्ट रंगवून सांगितली, ते पहिल्यांदाच मोकळं हसले. म्हणाले, "कातडीवर राहिलेलं थोडंसं जेल सुईबरोबर नळीत गेलं तरी आकडा कुठल्या कुठे जातो, स्पिरिटने ते निघत नाही. आणि विभूती मला सुचलीच नसती. दोनशे बारा हा तुमचा खरा आकडा, डोस वाढवू." माझ्या डोक्यावरचा आळ उतरला होता आणि मी खूश होतो. ते चिठ्ठी लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं.

"त्या हाताने तुम्ही आणखी कुणाला विभूती लावता?"

मी ती तीन बोटं मुठीत मिटली.

"घरात लहान मूल आहे?"

"लेक हाय. पाच वर्साची."

त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि सावकाश प्रश्न विचारले. कपाळावर फोड येतात का? घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो का? कपडे, चपला लवकर आखूड होतात का? चिडचिड? हे सगळं बायकोलाच ठाऊक. घरी फोन लावून त्यांच्या हातात दिला. बायकोचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. हो. हो. शाळेचा फ्रॉक काढताना येतो. हो, दोन महिन्यांत दोनदा चपला घेतल्या.

घरी पोचलो तेव्हा ती दारातच बसली होती. म्हणाली, "मी तुमाला दोनदा सांगितलं होतं, पोरीच्या आंगाला वास येतो म्हणून. तुमी म्हणलात ऊन लई हाय." तेवढंच बोलली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला माझी शरम वाटली, इतकी की मी आत जाऊन लेकीकडे बघायच्या आधी परत एकदा हात धुतले.

लेकीच्या तपासणीच्या आदल्या दिवसापासून मी तिला शिवायचं नाही, असं ठरलं. बायकोने तिचा हात साबणाने दोनदा धुतला. लॅबमध्ये मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून लेकीचा आवाज आला, "पप्पा, तुमी कावून आत येत न्हाई?" ताईने तिला काहीतरी सांगितलं. मग ती रडली, लहान मुलं सुईला रडतात तशी. मी व्हरांड्यात उभा राहून समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी वाचत होतो.

रिपोर्ट दोन दिवसांनी दुकानात असताना मोबाईलवर आला. आकडा अठ्ठेचाळीस. माझ्या कागदावर अठ्ठेचाळीस आला असता तर मी खाट धरली असती. पण पुरुषांच्या आणि बायकांच्या मर्यादेखाली बारीक अक्षरात लहान मुलांच्या ओळी होत्या. तिच्या ओळीत मर्यादा दहाच्या आत होती. मी दोन-तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या रिपोर्टबद्दल कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही. दुकान बंद केलं.

मला एकच आशा होती. माझा आकडा जसा खोटा निघाला, तसा तिचाही निघेल. नमुना खराब असेल, कुठेतरी कातडीवर राहिलं असेल. मी डॉक्टरांशी त्यावरून वाद घातला. ते म्हणाले, ठीक आहे, परत घेऊ. तिला चार दिवस मामाकडे लिंबागणेशला ठेवलं. माझा हात, माझा टॉवेल, माझी चादर, काहीच नाही. मग दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. एकतीस. उतरला होता, पण खरा होता. डॉक्टर म्हणाले, "कातडीवरचं असतं तर इतक्या दिवसांनी राहिलंच नसतं. हे तिच्या रक्तात होतं, आता संपायला लागलंय." तिच्या डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला. हाडांवरून मुलाचं वय कळतं, हे मला माहीत नव्हतं. सव्वापाच वर्षांच्या पोरीची हाडं साडेसहा वर्षांची दिसत होती.

नुसते हात धुवून भागणार नव्हतं, जेल खांद्यांवर असायचं आणि ती तिथेच गाल घासायची. मी त्याच दिवशी जेल बंद केलं. मला परत सुई लावली, पण दर आठवड्याला थोडी थोडी, आणि रक्त दाट होतंय का ते दर तीन महिन्यांनी बघायचं. आता माझ्या अंगाला काही लागलेलं नव्हतं. तिला जवळ घ्यायला कसलीच हरकत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी ती गळ्यात पडायला आली की माझं अंग आपोआप मागे व्हायचं. पाच-सहा दिवस हे असंच चाललं. मग एकदा तिने आईला विचारलं, "पप्पाला मी आवडत न्हाई का आता?" बायको पूजेच्या खोलीत आली, मी डोळे मिटून बसलो होतो तरी बोलली. "तुमी आता दुसरी चूक करायलात. घ्या तिला." मी घेतलं. मला रडू आलं आणि लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण तिने मला फक्त ओरडताना बघितलेलं होतं.

दोन महिन्यांनी तिचं रक्त परत तपासलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी आत, यंत्राला नीट मोजताही येऊ नये इतका. बायकोने दोनदा खात्री केली आणि मग माझ्या हातात मोबाईल दिला. फोड गेले होते, वास गेला होता. दुकानात त्या दिवशी मी तिघांना झापलं. मित्र म्हणाला, "आज बरा हायेस बे."

सहा महिन्यांनी पंजाचा एक्स-रे परत काढला. मला वाटत होतं, रक्त उतरलं तसं हाडही उतरेल. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावून दाखवल्या. म्हणाले, पुढे पळणं थांबलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण जेवढं पुढे गेलं, ते मागे येत नाही. आता तिचं वय हळूहळू हाडांना गाठेल, किंवा पूर्ण गाठणार नाही. उंची थोडी कमी राहील, किंवा अजिबात फरक पडणार नाही. आत्ता सांगता येत नाही. आठ वर्षांच्या आत वयात यायची काही लक्षणं दिसली तर लगेच आणा. नाही दिसली तर वर्षातून एकदा. मी विचारलं, या कागदावरून काहीच कळत नाही का? ते म्हणाले, "याच्यावरून एवढंच कळतं."

मी तिची वेगळी फाईल केली. माझ्या फाईलमध्ये तिचे कागद मला नको होते. तिन्ही रिपोर्ट, दोन्ही एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र. पुढे ती मोठी होईल, कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या डॉक्टरसमोर बसेल आणि तो विचारेल की लहानपणी काही झालं होतं का. तेव्हा तिला अंदाज बांधायला लागू नये. पत्रात कारण म्हणून डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, औषधाशी बाहेरून संपर्क. ते वाचून तिला काय कळणार? मी त्याच्याखाली मराठीत लिहिलं: वडिलांच्या हाताने, नकळत. खाली सही केली आणि फाईल बंद केली. मग परत उघडली आणि 'नकळत' हा शब्द खोडला. मला हात धुवायला सांगितलेलं होतं.